पाणी उजळेपर्यंत

मोठी बहीण बोरगावहून आली की आई कमरेचं दुखणं विसरते. मी पांढुर्ण्याच्या एका सेंटरमध्ये एमआरआय काढते. आईला सौंसरहून बसने मीच आणते, औषधं मीच देते. मोठी कधीमधी पिशवीभर संत्री घेऊन उगवते आणि सगळं कौतुक लुटून नेते. माझा नुसता जळफळाट होतो.

आईच्या मणक्यांचा स्कॅन होता त्या दिवशीही ती आलीच. बाहेर बाकावर बसली. आत येताना आई तिच्याकडेच वळून वळून पाहत होती.

या कामात सगळा खेळ वेळेचा. मशीन शरीराला रेडिओलहरींचे धक्के देतं आणि परत येणारा सिग्नल टिपतं. धक्के भराभर दिले आणि सिग्नल लगेच टिपला, तर चरबी पांढरी दिसते, पाणी काळं. धक्क्यांमध्ये जास्त अंतर ठेवलं आणि सिग्नल उशिरा टिपला, की तेच पाणी उजळतं. शरीर बदलत नाही, फक्त आपण किती थांबलो ते बदलतं. पहिल्या चित्रात आईच्या मणक्यांमधल्या गाद्या सगळ्या सारख्याच करड्या दिसल्या.

दुसरं चित्र निघत होतं, तेवढ्यात आईने, काही त्रास झाला तर मला बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला आणि अंग हलवलं. चित्र वाया गेलं. घाबरली की काय, म्हणून मी माइकवरून विचारलं, "काय झालं वं आई?"

"मोठी बाहेर एकटीच बसून राहिली ना? तिले चाय पाज म्हटलं."

माझं डोकंच फिरलं. "अन् मी? सकाळपासून उपाशी हाय. मले कोणी इचारलं?"

"तुले काय इचाराचं? तू तर माह्याजवळच हायेस. तिलेच तिकडं कोणी इचारत नाही."

मोठीला चहा पाठवला, बिनसाखरेचा. मग पुन्हा स्कॅन लावला. या वेळी आई हलली नाही. कण्यातलं पाणी पांढरंशुभ्र उजळलं आणि सगळ्यात खालची गादी काळी दिसली, पार सुकलेली. लगेच टिपलेल्या पहिल्या चित्रात त्या सुकण्याचा पत्ताही नव्हता.

आईचं बोलणं ऐकलं तेव्हा अंगाला झोंबलं होतं. परतताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, तेव्हा तेच शब्द आठवले आणि मला रडू आलं. मी तिच्याजवळ आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी फुगा तिने मोठीसाठीच दाबला होता.