वायर काढलेला कीबोर्ड

दुकानाला लिंबू-मिरची बांधायला कुणी आलं की मी विचारते, "याने वायफायची रेंज वाढते का हो?" असा माझा स्वभाव. नजर, उतारा, बाधा... सगळ्यावर आयुष्यभर फक्त हसलेय. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त घडलं तसं सांगते.

शिरूरला एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. लग्नाआधी मी दौंडला एका छापखान्यात डीटीपी करायचे — लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रियेची कार्डं. मालक आप्पा. कीबोर्डकडे न बघता टाइप करायला त्यांनीच शिकवलं. खाली बघितलं की त्या दिवशीचा चहा बंद! पुढे छापखाना बंद झाला आणि आप्पा न्हावऱ्याला मुलीकडे, संगीताकडे राहायला गेले. तिथे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शुद्ध मात्र पक्की. हो की नाही ते मानेने स्पष्ट सांगतात.

यंदा उसाची तोड संपत आली होती तेव्हा संगीता एक पिशवी घेऊन दुकानात आली. आत छापखान्यातला जुना कीबोर्ड. विटेसारखा जड, प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग, दाबलं की खट्ट वाजणारा.

"ताई, आप्पांचा डावा हात जरा हालतोय," ती म्हणाली. "घरच्या कॉम्प्युटरला लावायला ह्यो नीट करून द्या. दोन अक्षरं जरी उमटली ना, तरी त्यांना काय पायजे ते कळंल. तोंडाकडं बघून बघून जीव जातो हो माझा."

मी म्हटलं, "आप्पांचा कीबोर्ड आहे, उद्या नीट करून देते."

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून कामाला बसले. बटणं उपटली. आत धूळ, झुरळाची अंडी, बिस्किटाचा चुरा... छापखान्याचा सगळा संसार! ब्रशने झाडलं, क्लीनर मारला, तडकलेले जोड परत सोल्डर केले. मीटर लावून बघितलं, शॉर्ट कुठेच नाही. बटणं बसवली, जुनी पिन नव्या पीसीत बसवणारा कनव्हर्टर लावून दुकानाच्या पीसीला जोडला, नोटपॅड उघडलं.

मी हात लावायच्या आत स्क्रीनवर अक्षरं यायला लागली. इंग्रजी कॅपिटल, मध्येच कंस, सेमीकोलन. नुसता कचरा. जुन्या कीबोर्डला हा आजार असतोच, म्हणून कनव्हर्टर बदलला. तेच. दुसऱ्या पीसीला लावला. तेच! मी चिडून खाली बघितलं...

बटणं खाली जात होती. एकेक बटण, कुणी बोट ठेवून दाबावं तसं खाली जाऊन वर येत होतं.

मी वायर उपटली. स्क्रीन थांबली. बटणं थांबली नाहीत. पंखा चालू, बाहेर रस्त्यावर उन्हात उसाचे ट्रॅक्टर चाललेले, आणि माझ्या टेबलावर वायर काढलेला कीबोर्ड खट्ट खट्ट वाजतोय. मी खुर्ची मागे ढकलून उठले. दारापर्यंत गेले. पळूनच जाणार होते, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात माझी बोटं माझ्याच मांडीवर हलत असलेली मला जाणवली. त्या आवाजाबरोबर हलत होती. आणि बोटांना ते शब्द माहीत होते.

डीटीपीवाल्यांना हे कळेल. आमच्या वेळचा मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांवर बसवलेला असायचा. फॉन्ट लावला नाही तर मराठी मजकूर स्क्रीनवर कचऱ्यासारखाच दिसतो. मी बिघाड, बिघाड म्हणत बसले होते, आणि तो मजकूर होता.

वायर परत जोडली. लोकांच्या जुन्या फाइली उघडायला तो फॉन्ट पीसीवर ठेवलेला आहे. सगळं सिलेक्ट करून फॉन्ट लावला.

संगे ये. धूर. संगे ये. धूर. संगे ये.

पानभर तेच, आणि खाली नवीन ओळी येतच होत्या.

मी फोन लावला. संगीता कांद्याच्या रानात होती, घरापासून लांब.

"आधी घरी पळ. तिकडे धूर झालाय. आप्पांकडे बघ."

"धूर व्हय? शेजारच्यांनी पाचट पेटवलंय ताई, दरसालचंच हाय त्ये..."

"संगीता, पळ म्हणते ना!"

उसाचं पाचट, म्हणजे तोडीनंतर रानात उरलेला वाळका पाला, पेटवायचं तर वारा बघून पेटवतात. त्या दिवशी वारा फिरला होता. घराला लागून असलेली कडब्याची गंज पेटली आणि धूर थेट आप्पांच्या खिडकीत घुसला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त कानाला फोन लावून त्या बटणांकडे बघत होते. पलीकडून तिची धाप, मग किंकाळी, मग माणसांचा आरडाओरडा. आणि समोर संगे ये, संगे ये... मी मोठ्याने म्हणत होते, "येतेय हो ती, येतेय." कुणाला म्हणत होते, देव जाणे.

"काढलं भाईर!" खोकत खोकत संगीता ओरडली. "खाटंसकट काढलं, ताई! हायेत... आप्पा हायेत!"

एंटरचं बटण एकदा खाली गेलं. मग सगळं शांत. मी खुर्चीतच रडायला लागले.

दोन-तीन दिवसांनी न्हावऱ्याला गेले. आप्पा अंगणात खाटेवर होते, मला बघून हसले. जाताना मी मनाची समजूत घातली होती. जिवंत माणूस आहे, जिवाच्या आकांताने लेकीला हाक मारली असेल, कशी पोचली ते आपल्याला कळत नाही, बस. म्हणून जवळ बसून विचारलं, "आप्पा, त्या दिवशी संगीताला तुम्हीच बोलावलं ना?"

आप्पांनी नाही म्हणून मान हलवली.

संगीता म्हणाली, "ताई, ते झोपेच्या गोळीवर होते. खाट भाईर काढल्यावर डोळं उघडलं त्यांनी."

"मग तुला संगे कोण म्हणतं?"

"आप्पाच. दुसरं कुणीच न्हाई."

मी परत विचारलं. आप्पांनी परत मान हलवली, आणि डाव्या हाताने संगीताच्या साडीचा पदर घट्ट धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांत मी बघितली ती भीती माझ्या भीतीहून मोठी होती.

मी सोबत नेलेला कीबोर्ड त्यांनी घरात घेतला नाही. पण निघताना संगीता हळूच म्हणाली, "ताई, तुमच्याकडं असू द्या. आन् वायर काढू नका... परत कवा लागलं तर?"

आता तो दुकानात कोपऱ्यातल्या पीसीला जोडलेला असतो. कुणी हाक मारली, मला माहीत नाही. ज्याला कळेल त्याने सांगावं. मी तिथेच काम करते, पण त्याच्याकडे पाठ करून बसत नाही.