मांडवाखालचा बेसबॉल

मी आयुष्यात बेसबॉल कधीही खेळलेलो नाही. म्हणूनच मी तो मुलीला शिकवू लागलो.

त्याचं असं झालं. सातवीत असताना आमची ईश्वरी शाळेच्या बेसबॉल संघात गेली. तिची जागा आउटफिल्डला. म्हणजे मैदानाच्या पार टोकाला उभं राहायचं, उंच आलेला चेंडू झेलायचा आणि तिथून थेट होमपर्यंत, म्हणजे फलंदाज उभा असतो तिथवर, फेकायचा. शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या, मैदान होतं, सगळं होतं. पण गृहपाठ नको का? मी स्वतः गणिताचा मास्तर. गृहपाठाशिवाय माणसाला काही येतं यावर माझा विश्वास नाही!

सरावाची जागाही मीच ठरवली. आमच्या घरापासून दहा मिनिटं चढून गेलं की सडा लागतो. नुसता कातळ आणि गवत, नजर पोचेल तिथवर मोकळं. पण सड्यावर ऊन फार. (खेळाडूला नव्हे, प्रशिक्षकाला!) शिवाय खुर्ची वर कोण वाहून नेणार? म्हणून सराव घरापुढच्या अंगणात, आमच्या खळ्यात, मांडवाखाली. दिवाळी झाली की मी दरवर्षी खळ्यात मांडव घालतो. पोफळीचे खांब, वर बांबू, त्यावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. उंचीचं मापही ठरलेलं: मी हात वर करायचा आणि बोटं टेकतील तिथे बांबू बांधायचा. माझी उंची पाच फूट दोन इंच.

समोरच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर, मी चुन्याने एक गोल काढला आणि चहाचा कप घेऊन खुर्चीत बसलो.

"हं, टाक!"

"बाबा, चेंडू झापाला लागतोय."

"मग खालून टाक. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. उंच टाकायचा कशाला?"

ती मान खाली घालून, कोपर बरगडीशी घेऊन चेंडू फेकू लागली. आणि काय सांगू, दहातले आठ गोलात! मी त्याला 'आमच्या घराण्याची शैली' म्हणू लागलो. (घराण्यात आजवर कुणी माकडांवर दगडापलीकडे काही फेकलेलं नाही.) पावसाळ्यात मांडव उतरला की सराव पडवीत. तिथलं छप्पर त्याहून खाली!

अशी दोन वर्षं गेली. ईश्वरी नववीत आली. एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि पोरीला त्या संघाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच जानेवारीत एका सकाळी वेणी घालताना तिचा उजवा हात वर जाईना.

"दप्तर! दुसरं काही नाही," आमची ही म्हणाली.

शेजारचे बाळकाका गडग्यावरून डोकावले. "काय हो मास्तर, हिने हात मोडून घेतलान की काय? उंडीचं तेल चोळा, उंडीचं!"

तेल चोळलं. हळदीचा लेप झाला. मिठाच्या पुरचुंडीने शेकून झालं. घरभर असा वास सुटला की चेंडू आणून द्यायला येणारा आमचा कुत्रासुद्धा येईनासा झाला. मी मात्र शास्त्रीय निदान केलं: सराव कमी पडतोय! आणि रोजच्या फेकी वीसने वाढवल्या.

"बाबा, आज नको."

"अगं, हात जरा तापला की दुखायचा थांबतो. टाक!"

तिने टाकला. चेंडू गडग्यापर्यंत पोचलाच नाही. ईश्वरी कोपर धरून खाली बसली आणि रडू लागली. ही मुलगी पडली, खरचटली, टाके पडले तरी रडत नाही. माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी फार घाबरलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही रत्नागिरीत फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होत्या. त्यांनी कोपर सगळीकडून दाबून पाहिलं आणि ईश्वरीच्या हातात मोज्याचा गोळा दिला.

"फेकल्यासारखं कर. जोर नको लावूस."

ईश्वरीने मान खाली घातली, कोपर बरगडीशी घेतलं.

"थांब. वाकलीस का? छत केवढं उंच आहे बघ."

ईश्वरीने माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याच्या उत्तराची मला पहिल्यांदा भीती वाटली.

"घरी मांडव आहे," ती म्हणाली.

मग डॉक्टरांनी मला समजावलं. फेकताना कोपर खांद्याच्या खाली राहिलं की पाय, कंबर आणि खांद्याचा भार त्या एकट्या कोपरावर येतो आणि ते आतल्या बाजूने ताणलं जातं. "शाळेत असं फेकायला सांगत नसतील?"

"नाही. शाळेत मॅडम ओरडतात." ईश्वरीने मोज्याचा गोळा टेबलावर ठेवला. "घरी बाबा खूश होतात."

मला भूगर्भात जावंसं वाटलं. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही, असं ठरलं. घरी येताना रिक्षात मी विचारलं, "मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही माझ्यासाठी रोज लवकर घरी यायचात ना!"

मी रुमाल काढला. डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी मी मांडव उतरवला. बाळकाका धावत आले. "अहो, शिमगासुद्धा व्हायचाय! कुणी वारलं की काय?"

"प्रशिक्षक," मी म्हणालो.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी हलक्या हाताने सुरू करायला सांगितलं. ईश्वरी मोकळ्या खळ्यात उभी राहिली, हात मागे नेला... आणि वाकली! वर काही नव्हतं, नुसतं आकाश. तरी वाकली. पुन्हा वाकली. निवडीला तीन आठवडे उरलेले.

"कोपर वर! डोकं वर! अगं, वर आहे काय आता?" मी ओरडलो. ती आणखीच वाकली.

"बाबा, रागावणार नसाल तर सांगू?"

"सांग की."

"तुम्ही जरा मागच्या दारी जाल?"

मी गेलो. पायरीवर बसून नारळ सोलू लागलो. थोड्या वेळाने पुढून गडग्यावर चेंडू आपटल्याचा आवाज आला. मग दुसरा. हिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो, नाही वाकली!"

त्या तीन आठवड्यांत मी इतके नारळ सोलले की घरात रोज सोलकढी झाली. पण मी एकदाही पुढे गेलो नाही.

एप्रिलमध्ये ईश्वरीची निवड झाली. मॅडमनी माझ्यासमोरच तिच्या पाठीवर थाप मारली. "फेक एवढी सुधारली कशी गं? घरी कोण शिकवतं?"

"बाबा!" ईश्वरी ठणकावून म्हणाली.

मी शर्टाची कॉलर नीट केली.

"ते मागच्या दारी असतात."