मैनाबाईची टोळी आणि चार पंतोजी

शके सतराशे शहाऐंशीच्या हिवाळ्यात वऱ्हाडात कापूस उदंड झाला आणि वेचायला बाई मिळेना. साता समुद्रांपलीकडे कुठं लढाई लागली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, म्हणून विलायतेचे व्यापारी अमरावती-अकोल्याच्या बाजारात ठाण मांडून बसले होते. ज्यानं आजवर ज्वारीशिवाय काही पेरलं नाही त्यानंही पऱ्हाटी लावली. बोंडं फुटून कापूस मातीत गळायला लागला तरी वेचणाऱ्यांचे हात पुरेनात. पाटील लोक स्वतः बैलगाडी जुंपून बायांच्या टोळ्या आणायला जायचे.

अशीच एक टोळी वाघोड्याच्या मैनाबाईची. ही हकिकत मला माझ्या आईच्या आत्यानं, कौशल्याबाईनं सांगितली. ती त्या टोळीत होती.

मैनाबाई अंगानं किरकोळ, आवाजानं मोठी. नवरा पटकीनं गेलेला, पाठीमागं एकच मुलगा. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला उकिरड्यावर लोळवून घेतला आणि नाव ठेवलं उकंडा. असं हलकं नाव ठेवलं की मृत्यूची नजर जात नाही, ही आपल्याकडची समजूत. देवाच्या दयेनं उकंडा जगला.

कार्तिक लागला की मैनाबाई वीस-बावीस बाया घेऊन निघायची. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन हलकी, तिथला कापूस आधी फुटतो. मग खाली उतरत उतरत पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीकडे जायचं. तिथून पुन्हा वर, मागाहून फुटलेल्या बोंडांच्या दुसऱ्या वेच्याला. एका गावी पंधरा दिवस, फार तर वीस. बायांबरोबर लेकरंही असायची, अकराएक. वाघोड्याला शाळा नव्हती. पण वाटेवरच्या चार गावांत पंतोजी होते, म्हणून मैनाबाई लेकरांना सकाळी शाळेत बसवायची आणि दुपारी कापूस साठवायची ओटी कमरेला बांधून शेतात न्यायची.

तीन हिवाळे असे गेले, आणि उकंडा श्रीगणेशावरच होता.

त्याचं झालं असं. पोरगं टेंभूरखेड्याला बसलं की चिंतामणपंत धूळपाटी पुढं करून त्याच्याकडून ‘श्रीगणेशायनमः’ गिरवून घ्यायचे. मग अक्षरं, मग पाढे. बारापर्यंत पाढे येतात न येतात तोच टोळी शेलापूरला. तिथले मोरोपंत म्हणायचे, नव्या गुरूकडं नवा आरंभ. पुन्हा नारळ-सुपारी, पुन्हा धूळपाटी, पुन्हा श्रीगणेशा. तिसऱ्या गावी तेच, चौथ्या गावी तेच. यात कुणाचा लोभ नव्हता हो. गणपतीचं नाव घेतल्याशिवाय विद्या सुरू करायची नाही, ही त्या माणसांची श्रद्धा होती, आणि वाईट तरी कोण म्हणेल? पण पोरगं चार दारांत चारदा उंबरा ओलांडायचं आणि आत कुठंच पोचायचं नाही.

त्या सालच्या दिवाळीत मैनाबाईच्या दिरानं, नत्थुजीनं, विषय काढला.

“वयनी, तीन सालं झाले. पोट्टं काय शिकलं?”

“शिकून राह्यलं न, भाऊजी.”

“श्रीगणेशा तं मलेबी येते, शाळेत न जाता.” नत्थुजी हसला, पण बोलला ते पक्कं. “हे पाहा, चैतातल्या पाडव्याले नवं साल लागते. तवापर्यंत लिवलेलं वाचून दाखवलं तं ठीक. नाई तं मी शेजारच्या पाटलाले शब्द देल्ला हाय, उकंडा त्याच्याकडं सालानं राहीन. गुरं राखीन, पोटाले खाईन.”

सालानं लागलेलं पोर परत शाळेत येत नाही, हे मैनाबाईला कुणी सांगायला नको होतं.

टेंभूरखेड्याचा पहिला वेचा झाला. उकंड्याला पुन्हा बारा पाढे आले. टोळी शेलापूरला जायची, त्याच्या आदल्या दिवशी शेलापूरचे किसनराव पाटील गाडी घेऊन हजर.

“मैनाबाई, चाल. कापूस गळून राह्यला माहा.”

“येतो न, पाटील. पन एक गोष्ट हाय.”

“वेचणीचा वाटा वाढवून पाह्यजे?”

“वाटा राहू द्या. तुमच्या गुरुजीले सांगा, आमच्या पोट्ट्यायले तेराच्या पाढ्यापासून शिकवा. श्रीगणेशापासून नाई.”

पाटलांनी कपाळाला हात लावला. “बाप्पा! हे माह्या हातात हाय काय?”

“कापूस कोनाच्या हातात हाय मंग?” असं म्हणून मैनाबाई खाली बसली. मागच्या बायाही बसल्या. कौशल्याबाई सांगायची, आमाले काही समजलं नव्हतं, पन मैनाबाई बसली म्हून आमी बसलो.

संध्याकाळच्या आत किसनराव, मैनाबाई आणि उकंडा मोरोपंतांच्या ओसरीपुढं उभे होते. मोरोपंत साठीचे, कपाळाला गंध, बोलणं सावकाश.

“अहो पाटील, हा मुलगा म्हणतो बारा पाढे येतात. मुलं काय, काहीही म्हणतात. टेंभूरखेड्याला काय शिकवलं ते मला काय ठाऊक? त्या चिंतामणपंतांचं मी तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.”

“चार कोसावर तं हायेत,” पाटील म्हणाले.

“मला काम काय त्यांच्याशी?”

“मंग चिठ्ठी लिवून इचारा,” मैनाबाई म्हणाली. “मी नेतो.”

मोरोपंतांनी कंटाळून दोन ओळी लिहिल्या. मैनाबाई दुसऱ्या दिवशी पहाटे निघाली आणि दिवस मावळायच्या आत उत्तर घेऊन आली. चिंतामणपंत वयानं लहान आणि जिभेनं तिखट. त्यांनी त्याच कागदावर खाली लिहिलं होतं: “चिरंजीव उकंडा यास बारापर्यंत पाढे येतात. अक्षरे सर्व येतात. आपण पुन्हा आरंभापासून काढविल्यास तो असलेले विसरेल, त्याचा दोष टेंभूरखेड्याच्या शाळेकडे नसावा.”

मोरोपंतांचे कान लाल झाले. “कालचा मुलगा मला शिकवतो! आणि आरंभाशिवाय विद्या देऊ? गणपतीला काय तोंड दाखवू?”

मैनाबाई हात जोडून म्हणाली, “गुरुजी, मी अडानी. पन देवाले तुमी सारे दारात बलावता, आन् घरात घेऊन बसवत नाई कोनीच. तीन सालं झाले, तो गनपती आमच्यासंगं गावोगाव उभाच हाय.”

 मोरोपंतांनी कोनाड्यातल्या मूर्तीला हात जोडले. मग उकंड्याला जवळ घेतला आणि म्हणाले, “तेराचा म्हण.”

त्याला येत नव्हता, तो भाग वेगळा.

इथून त्या चिठ्ठीचं जे झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. शेलापूरहून निघताना मोरोपंतांनी त्याच कागदाला खळीनं दुसरा तुकडा जोडला आणि लिहिलं की उकंडा अठरापर्यंत पोचला. मात्र अक्षर तिरपं पडतं, आणि ही खोड टेंभूरखेड्याची दिसते. बाकीच्या बायांनी गलका केला, आमच्या पोट्ट्यायचंबी लिवा. तेही लिहिलं गेलं. तिसऱ्या गावच्या पंतोजींनी खाली जोडलं की शेलापूरची मुलं पाढे घोकतात पण बेरजेत हातचा विसरतात. दुसऱ्या वेच्याला टोळी फिरून टेंभूरखेड्याला गेली तेव्हा चिंतामणपंतांनी ती लांबलचक पट्टी वाचली, डोक्याची पगडी काढून बाजूला ठेवली आणि सगळ्या शाळेला आठ दिवस नुसतं अक्षर सरळ काढायला बसवलं. टोळीच्या पोरांबरोबर गावची पोरंही बसली.

“मैनाबाई, तुह्या कागदापायी आमच्या पोट्ट्यायचे हात दुखले!” गावच्या बाया म्हणायच्या.

“मी काय केलं? मले तं त्यातलं एकबी अक्षर येत नाई.”

खरंच येत नव्हतं. ती फक्त पट्टी गुंडाळून कमरेला खोचायची आणि चालायची. आपल्या कमरेला चार माणसांचं भांडण आहे, याचा तिला पत्ताच नव्हता. पण भांडता भांडता ते चौघं जास्त शिकवायला लागले होते. आपल्या गावचं पोर पुढच्या गावी कच्चं निघू नये, एवढ्यासाठी.

चौथं गाव पूर्णाकाठचं. तिथं एक गोसावी शिकवायचा. पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे त्याच्या पोरांच्या जिभेवर, तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं पट्टी वाचली, दोन दिवस तशीच ठेवून घेतली, आणि मग लिहिलं: “मला पत्राचे मायने, कोणास कसे संबोधावे ते, नीट येत नाहीत, म्हणून मुलांनाही येत नाहीत. ज्या गुरुजींस येतात त्यांनी एक नमुना पाठवावा. त्यांच्या मुलांस निमकी मी शिकवून देईन.”

मोरोपंतांनी हे वाचलं तेव्हा कौशल्याबाई तिथं होती. वरच्या साऱ्या टोमण्यांवर त्यांनी टोमणे लिहिले होते, पण इथं त्यांची लेखणी थांबली. “माणूस प्रामाणिक आहे,” एवढंच म्हणाले. मग चांगल्या कागदावर पाच पत्रांचे नमुने लिहून दिले: वडिलांना, भावाला, पाटलाला, व्यापाऱ्याला, मित्राला. त्याच्या नकला पुढं चारही गावांत झाल्या. त्यानंतर पट्टीवर दोषांबरोबर मागण्याही यायला लागल्या. तुमच्याकडे हे आहे का, आमच्याकडे ते आहे.

माघात वेचणी संपली. फाल्गुनात टोळी वाघोड्याला परतली. पाडव्याला चार दिवस होते.

दुपारी नत्थुजी शेतातून आला, पाय धुतले, आणि अंगणात बसून म्हणाला, “हं, उकंडा. वाच.”

“काय वाचू?”

“ते तुह्या मायच्या कमरेतलं काय हाय, ते वाच. चार महिने मिरवून राह्यली ते.”

मैनाबाईनं पट्टी दिली.  उकंडा पहिल्या ओळींवर अडखळला, मग आवाज मोकळा झाला. “चिरंजीव उकंडा यास बारापर्यंत पाढे येतात…”

नत्थुजी आडवा हात करून म्हणाला, “थांब. हे तं पाठबी करता येते. चार गावचे चार गुरुजी, चांगलंच लिवतीन. अन् मले वाचता येत नाई, तूले काय वाटलं ते बोलशीन. पुढचं वाच.”

उकंडा पुढं सरकला. तेराच्या पाढ्यात अडखळतो. अडखळला की रडतो. मग तो एकदम गप्प झाला. खाली बघितलं, आईकडं बघितलं.

“काहून थांबला? येत नाई?”

“येते.” त्यानं ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, “पौष वद्य षष्ठी. उकंड्याने तेविसाचा पाढा येत नसता शेजारच्या मुलाच्या पाटीवरून उतरविला आणि विचारल्यावर नाही म्हणाला. दोन छड्या दिल्या. आईस सांगू नये असे रडून म्हणाला. सांगितले नाही, परंतु लिहिले आहे.”

 मैनाबाईला हे ठाऊक नव्हतं. दोन महिने हे तिच्याच कमरेला होतं.

नत्थुजीनं विचारलं, “हे तू मायले सांगतलं होतं?”

“नाई.”

“मंग आता काहून सांगतलं, लेका? गाळून टाकतास. आमाले काय समजलं असतं?”

उकंड्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, “लिवलं हाय न पन.”

 नत्थुजी उठला, खांद्यावर उपरणं टाकलं. “वयनी, खरंच वाचून राह्यलं पोट्टं. आपली चोरी कोनी मनानं रचून सांगत नाई.” दारापर्यंत जाऊन वळला. “मी पाटलाकडं जाऊन येतो. दुसरा पोट्टा पाहा म्हनतो.”

मैनाबाईनं आधी देवापुढं दिवा लावला आणि मग उकंड्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दोन्ही मनापासून.

त्या पावसाळ्यानंतर अंजनगावच्या बाजाराला चार पंतोजी पहिल्यांदा समोरासमोर बसले, एका देवळाच्या सभामंडपात. बोलावणं मोरोपंतांचं होतं. चिंतामणपंत आणि मोरोपंत पहिला तासभर अक्षरावरूनच भांडले, म्हणतात. पण उठताना ठरलं ते असं: पोराचा श्रीगणेशा एकदाच, ज्या गावी पहिला पाय पडेल तिथं. पुढच्यानं मागच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. कार्तिकात काय शिकवायचं, मार्गशीर्षात काय, ते चारही गावी सारखं. गोसावी वर्षातून दोनदा वर येऊन हिशेब शिकवणार आणि मोरोपंत खाली जाऊन पत्र. मैनाबाई मंडपाच्या पायरीवर बसून हे ऐकत होती. तिला कुणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही.

ती बोलली ते त्या कार्तिकात. टोळीच्या वाटेपासून दोन कोस आत एक गाव होतं. तिथला पाटील गाडी घेऊन आला. वाटा इतर गावांपेक्षा जास्त देतो म्हणाला.

“शाळा हाय काय तुमच्या गावात?”

“शाळा? शाळा कायले पाह्यजे? कापूस वेचाचा हाय का पोथी वाचाची हाय?”

“मंग नाई जमत, पाटील.”

“अवो बाई, कापूस गळून राह्यला माहा, अन् तू शाळा मांगून राह्यली!”

“पंतोजी आना, बाया येतीन.”

कौशल्याबाई म्हणायची, पाटील शिव्या देत गेला, आमी तोंडाले पदर लावून हासलो. जास्तीचा वाटा गेला म्हणून दोघीतिघी चिडल्याही. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तीच गाडी परत आली, आणि पाटलाच्या शेजारी वळकटी मांडीवर घेऊन चिंतामणपंतांचा शिकून तयार झालेला धाकटा भाऊ बसला होता. गोठ्यातली गुरं बाहेर बांधली होती म्हणे, जमीन सारवून घेतली होती.

टोळी त्या दिवशी गेली. दुसऱ्या सकाळी त्या गोठ्यात अठरा मुलं बसली. अकरा मैनाबाईच्या बायांची होती. बाकी सात त्याच गावची, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं.