जुन्या ग्रुपवर दशरथ एकटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता सांगतो — सांगता येईल तसं.

आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सोलापुरातली शाळा, तीसेक म्हातारे, ॲडमिन मी. सकाळी सगळे देवांची चित्रं टाकायचे. होटगीचा दशरथ, रेल्वेतून रिटायर झालेला, लिहायचा — ‘जय भीम, सुप्रभात.’ रोज, एवढंच.

दोघातिघांनी मला फोन केले. ग्रुपवर जातीचं नको, म्हणाले. मग ती चित्रं कशाची होती? हे मला तेव्हाच सुचलं होतं — विचारलं नाही. आणि दशरथला ‘लिहू नको’ म्हणायचाही धीर झाला नाही. मग काय केलं मी? दुसरा ग्रुप काढला. दशरथ सोडून सगळे त्यात घेतले. वर सूचना दिली — जुन्या ग्रुपमधून कुणी बाहेर पडू नका, पडलात की त्याला दिसेल.

एवढं डोकं मी नोकरीतही कधी चालवलं नव्हतं.

दशरथ तिथं लिहीत राहिला. त्याला शंका येऊ नये म्हणून मी तेवढे हात जोडायचो. एकदा त्याचा फोन आला.

‘आरं, समदे मुके झाले का काय? तू एकटाच हात जोडतुयास.’

म्हटलं, ‘म्हातारे झाले रे. कुणाला मोबाईल दिसतोय आता.’

‘व्हय की. सिद्रामनं मोबाईलच घेतला न्हाय, त्योच शाना.’ हसला.

सिद्राम त्याचा बाकावरचा जोडीदार. विणकराचं घर. होटगीहून उपाशी आलेल्या दशरथला सिद्रामची आई आत, चुलीपाशी बसवून जेवू घालायची — त्या काळी, आमच्या गल्लीत. आमच्या घरी तो उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

तो सिद्राम मागच्या वर्षी गेला. बातमी नव्या ग्रुपवर आली — माती संध्याकाळी पाचला. होटगी काय लांब आहे? एक फोन केला असता तर दशरथ तासाभरात पोचला असता. मोबाईल हातातच होता. पण तिथं सगळे जमणार, बातमी कुठं वाचली ते बोलणार, माझा ग्रुप उघडा पडणार — मी मोबाईल खिशात ठेवला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. बाजारात कुणाकडून तरी कळलं होतं. म्हणाला, ‘मला कुनीच कसं न्हाय सांगितलं रे?’

मी म्हणालो, ‘मलाही उशिराच कळलं.’

‘तुलाबी न्हाय?’ आणि तो माझीच समजूत काढायला लागला. ‘जाऊ दे. मनाला लावून घिऊ नको.’

मी ऐकून घेतलं. बरं, म्हणालो.

सिद्रामला मी खांदा दिला होता.