पहिल्या तेलाचा ठसका

इटलीतल्या त्या टेकडीवरच्या गावाचा तट अजून धडधाकट आहे. वेशीतून आत शिरले आणि तेलाचा वास आला, ताज्या कापलेल्या गवतासारखा. चढाने लागलेला दम विसरून मी वासामागे निघाले आणि हे माझ्यामागे.

तटाला लागूनच ऑलिव्हचा घाणा होता. मोसमातलं पहिलं तेल नुकतंच निघालं होतं. घाण्याच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी भाजलेल्या पावावर ते सढळ हाताने ओतलं, तुकडा माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांची सून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "यंदा पाऊस फार कमी. तेल कसं उतरलंय, याची सासूबाईंना धास्ती आहे. आम्ही घरचे, आमचं मत त्यांना चालत नाही."

मी घास गिळला आणि मिरचीने लागावा तसा जोरदार ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं, हळू! काय म्हणतील त्या?" हे कुजबुजले.

म्हातारीने चक्क टाळ्या वाजवल्या! सून हसत म्हणाली, "चांगलं ताजं तेल घशाला झोंबतंच. तुम्ही नुसतं 'छान' म्हणाला असतात, तर आज यांना जेवण गेलं नसतं."

उभा जन्म मी दुसऱ्यांच्या घरी 'छान झालंय हं' म्हणत जेवले. त्यातलं किती कुणाला पटलं असेल, कोण जाणे. इथे माझ्या घशाने परस्पर खरं सांगून टाकलं होतं.

आता दुसरा तुकडा ह्यांच्या हातात आला. त्यांनी तो खाल्ला, चेहरा लाल झाला, पण सभ्य माणूस ठसका दाबून उभा! म्हातारीचं हसू मावळायला लागलं.

"अहो, खोका की!" मी म्हटलं.