मामाजींचं बाहेरचं जेवण

माझे सासरे नवेगाव बांधजवळच्या एका गावात राहतात, धानाची शेती करतात. मी त्यांना मामाजी म्हणते. गोंदियाला आमच्याकडे ते यायचे ते बहुतेक खाण्यासाठीच. घरी स्वयंपाक तयार असला तरी एसटीतून उतरल्या उतरल्या पिशवी माझ्या हातात देत विचारायचे, "आज कोठं जेवाचं?" स्टेशनाजवळचे तर्री-पोहे, बाजारातली कचोरी, मटण म्हटलं की सावजी. मी अमरावतीची. लग्नानंतर हे शहर मला त्यांनीच खाऊ घालून दाखवलं.

गेल्या वर्षी त्यांचे सगळे दात काढावे लागले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसणार नव्हती, म्हणून अधूनमधून तपासणीला यावं लागे. दवाखान्यातून निघालो की ते थेट बसस्टँडची वाट धरत.

"मामाजी, इडली तरी खाऊन घ्या. मऊ असते."

"नाही. घरी जाऊन भात खाईन."

"पण काऊन?" मी कारण विचारलं.

त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. "लोकं पाहून राहतात बाई. तोंड हालते बकरीवाणी."

मी आपली मऊ पदार्थ कुठं मिळतात ते शोधत होते. त्यांना हवा होता आडोसा.

आमच्या घराजवळच्या गल्लीत एक छत्तीसगडी बाई टपरीवर फरा विकते. भात आणि तांदळाचं पीठ मळून केलेल्या वाफवलेल्या वळ्या, वरून तिळाची फोडणी. पुढच्या खेपेला मी आधी जाऊन तिच्याशी बोलून आले. तिनं एवढंच म्हटलं, "बाबूजी को अंदर भेज देना."

टपरीमागे टिनाच्या आडोशाला पिठाची पोती होती आणि एक बाकडं. तिनं मामाजींना तिथं बसवलं, ताटली दिली आणि पाठ फिरवून कामाला लागली. मीही रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. वाटलं, तसंच ठेवून उठणार. मग मागून आवाज आला, "बाई, अजून आहे काय?"

त्यानंतर कवळी येईपर्यंत दर खेपेला आम्ही तिथंच गेलो.

कवळी बसली त्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, "चाल, सावजीकडे." भर दुपारी हॉटेल गच्च भरलेलं. मटणाचा पहिला तुकडा ते कितीतरी वेळ चावत राहिले. दुसरा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दुखतंय का?"

"दुखत नाही. चवच लागून नाही राहिली. बशी चावल्यावाणी वाटते."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. शेजारच्या टेबलावरचा माणूस घास हातात धरून बघतच राहिला. मला वाटलं, आता हे उठणार, आणि पुन्हा कधी बाहेर जेवायला येणार नाहीत.

मामाजींनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "काय पाहून राहिला भाऊ? रस्सा चांगला आहे. आणखी घे."

तो माणूस ओशाळून हसला आणि खरंच त्यानं रस्सा मागवला.

मामाजींनी ताटातलं मटण माझ्याकडे सारलं, भात रश्शात कालवला आणि सगळ्यांसमोर सावकाश खाऊ लागले. तोंड तसंच हलत होतं. कपाळावर घाम आला होता, तरी ते अजून भात मागत होते.