ताईंची दाढ आणि डॉक्टरांची मोटर

दातांच्या डॉक्टरांकडे ताई सव्वीस वर्षं होत्या. हत्यारं स्वच्छ करायची, हातात द्यायची आणि कण्हणाऱ्या पेशंटला "एवढ्याशानं कोण रडतं" म्हणून दटावायचं. यातलं शेवटचं काम त्यांच्या खास आवडीचं.

डॉक्टर रूट कॅनाल हातानंच करायचे. सुईएवढी बारीक फाइल चिमटीत धरून दाढेच्या मुळात फिरवायची, दाबायची, बाहेर काढायची. एकेका दाढेला तास-तास. त्यापायी अंगठा कामातून गेला, शर्टाचं बटणही लागेना. मग लेकीनं त्यांना मोटर पाठवली. फाइल तिच्या टोकाला लावायची, की ती आपली आपण फिरते. डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं, मग उपटलेले दात प्लास्टरमध्ये बसवून सराव सुरू केला. आठवड्यात तीन फायली आतच मोडल्या. त्यांनी मोटर कपाटात टाकली आणि ताईंना मोठ्या अक्षरातला कागद दिला: 'पुढच्या महिन्यापासून दवाखाना बंद.'

"पुढच्या दारावर लावा," ते म्हणाले. "हातानं होत नाही, मोटरनं जमत नाही. संपलं."

ताईंनी कागद घेतला. घरी कोणी उपाशी मरणार नव्हतं, पण सकाळी उठून जायचं कुठे? दिवसभर सुनेच्या डोक्यावर मिरी वाटायची त्यांना हौस नव्हती, सुनेला तर त्याहून नव्हती.

संध्याकाळी त्या नातीचा फ्रॉक शिवायला बसल्या. त्यांच्या पायाच्या मशीनला मुलानं गेल्या वर्षी मोटर बसवून दिली होती. कापडावर सुई उतरली आणि त्यांना आठवलं, तेव्हा आपण डझनभर सुया मोडल्या होत्या. जुन्या सवयीनं कापड ओढायचो म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. "लहान तोंडी मोठा घास घेते. तुम्ही फाइल दाबता."

"जन्मभर दाबतोय."

"तीच तर खोड. तिला जाईल तेवढं जाऊ द्या. अडली की बाहेर घ्या. माझ्या सुया अशाच मोडायच्या."

डॉक्टर घुश्शातच कपाटाकडे गेले. पंधरा दात झाले, एक फाइल मोडली नाही. तरी म्हणतात कसे, "हे उपटलेले दात. जिवंत माणसावर हिंमत होत नाही."

"मग माझ्यावर करा," ताई म्हणाल्या. त्यांची दाढ महिनाभर ठणकत होती. डॉक्टरांच्या अंगठ्याकडे बघून त्या गप्प होत्या.

खुर्चीत आडवं झाल्यावर मात्र सगळं शौर्य गळालं. इंजेक्शननं गाल बधिर झाला तरी त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मोटर गुणगुणत आत गेली, अडली आणि आपणहून उलटी फिरली. डॉक्टरांचा कोपर वर उचलला गेला. सव्वीस वर्षं पाहिलेला कोपर तो. आता हे दाबणार. तोंड उघडं, बोलणार कसं? ताईंनी नुसता हात वर केला.

डॉक्टर थांबले. फाइल बाहेर घेतली, पुसली, हलकेच परत सोडली. ती सरळ गेली. अर्ध्या तासात दाढ झाली.

डॉक्टर कितीतरी वेळ आपला अंगठा हलवून बघत होते. तो दुखत नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. "ताई, दारावरचा तो कागद काढा."

डॉक्टर घरातून मागच्या दारानं यायचे, कागद लागलाच नव्हता हे त्यांना कुठलं कळायला. ताईंनी पिशवीतून कागद काढला. बाहीच्या आकारात कापलेला.

"नातीची बाही बेतली त्यावर," त्या वाकड्या ओठानं म्हणाल्या.

डॉक्टरांनी तो उलगडून वाचला. 'पुढच्या महिन्यापासून दवाखाना' एवढंच उरलं होतं. 'बंद' कात्रीत गेलं होतं.